तोंडी हुकूम कागदावर आणा : सुरतेतल्या सिस्टरांसाठी

‘ड्युटीवर खुर्चीत बसायचं नाही.’ ‘सुट्टी हवी असेल तर बदली सिस्टर तूच शोधून दे.’ ‘पेशंट बिल न भरता गेला, आता रक्कम त्या शिफ्टच्या स्टाफच्या पगारातून.’ खासगी रुग्णालयात काम करणाऱ्या कुठल्याही सिस्टरला असले हुकूम नवे नाहीत. सुरतेत तर धुळे, नंदुरबार, जळगावकडून आलेल्या कितीतरी मुली नोकरीला आहेत. घर लांब, खोलीचं भाडं डोक्यावर, गुजराती लिहिताना हात अडखळतो. त्यामुळे हुकूम आला की मान खाली घालून पाळायचा, एवढंच त्यांना ठाऊक असतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. प्रत्येक जाचक नियम चुकीचा नसतो. अंगठी काढा, कृत्रिम नखं लावू नका, केस बांधा, हे नियम पेशंटला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून आहेत. कृत्रिम नखांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या हातस्वच्छतेच्या मार्गदर्शिकेतही तेच सांगितलं आहे. अशा नियमांशी भांडू नका. ‘यानं पेशंटचं काय भलं होतं?’ एवढा प्रश्न प्रत्येक नियमाला विचारा. उत्तर मिळालं तर पाळा. उत्तर मिळत नसेल आणि तो नियम तुमचा पगार, तुमचा वेळ किंवा तुमच्या शरीराची अब्रू घेत असेल, तर पुढचं वाचा.

पहिलं काम म्हणजे तोंडी हुकूम लेखी करून घेणं. माझ्या मते निम्मी लढाई इथेच असते. असले बहुतेक नियम हँडओव्हरच्या वेळी तोंडीच सांगितले जातात, कारण कागदावर उतरले की सही करणाऱ्याला त्याची जबाबदारी घ्यावी लागते. दिल्लीच्या गोविंद वल्लभ पंत रुग्णालयात जून २०२१ मध्ये नर्सिंग स्टाफसाठी परिपत्रक निघालं : कामाच्या जागी फक्त हिंदी आणि इंग्रजी बोला, मल्याळम बोललात तर कारवाई होईल. परिपत्रक लेखी होतं, म्हणून ते बाहेर आलं. देशभर निषेध झाला आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घ्यावं लागलं. हाच हुकूम मेट्रननं वॉर्डात उभ्या-उभ्या दिला असता तर कदाचित आजही चालू असता. उधना-लिंबायतकडून आलेल्या आजीशी मराठीत बोलल्याबद्दल कुणी तुम्हाला दटावलं, तर हे उदाहरण आठवा. पेशंटला कळेल त्या भाषेत औषध समजावणं हा नर्सिंगचाच भाग आहे.

लेखी कसं करून घ्यायचं? ‘मला लेखी द्या’ असं म्हणून वाद घालू नका. त्याच दिवशी तुम्हीच एक अर्ज लिहा. त्यात तक्रारीचा सूर नको, विचारणा हवी. नमुना असा :

‘माननीय मेट्रन मॅडम, आज सकाळी ८ च्या हँडओव्हरमध्ये सांगण्यात आलं की, ड्युटीच्या अर्धा तास आधी हजर राहायचं आणि त्या वेळेची हजेरी लागणार नाही. मी या सूचनेचं पालन करत आहे. हा नियम कोणत्या तारखेपासून आहे, कोणाच्या आदेशानं आहे आणि त्या अर्ध्या तासाचा मोबदला कसा मिळेल, ते कृपया लेखी कळवावं.’

हे गुजराती किंवा इंग्रजीत करून घ्या. दोन प्रती काढा. एक ऑफिसात द्या, दुसरीवर तारीख, सही आणि आवक क्रमांक घ्या. सही द्यायला नकार मिळाला तर तोच मजकूर ऑफिसच्या ई-मेलवर पाठवा किंवा स्पीड पोस्टानं टाका आणि पावती जपून ठेवा. अर्जातलं ‘पालन करत आहे’ हे वाक्य फार मोलाचं आहे. त्यामुळे आज्ञाभंगाचा मेमो काढायला जागाच राहत नाही.

दुसरं काम नोंदींचं. एक साधी वही घ्या. रोज कधी आलात, कधी सुटलात, किती पेशंट हाताखाली होते, डबल ड्युटी कुणी लावली, ते लिहा. रोस्टरचा आणि पगाराच्या स्लिपचा फोटो काढून ठेवा. पेशंटच्या केसपेपरचा मात्र कधीही काढू नका. नाव-आजार बाहेर गेलं तर तुमची बाजू पडते, आणि पेशंटवर अन्याय होतो तो वेगळाच. पेशंटांचा आकडा कशासाठी लिहायचा? इंडियन नर्सिंग काउन्सिलच्या मानकानुसार जनरल वॉर्डात शिकवणाऱ्या रुग्णालयात ३ पेशंटांमागे आणि इतर रुग्णालयात ५ पेशंटांमागे एक नर्स असावी. तुमच्या वहीत रोज २०-२५ चा आकडा पडत असेल, तर ‘इंजेक्शन उशिरा दिलं’ या मेमोला तेच तुमचं उत्तर आहे.

आता दंडाचं बघू. सर्वांत जास्त लूट इथे होते आणि कायदाही इथे सर्वांत स्पष्ट आहे. १९३६ च्या वेतन देयक कायद्यात जे होतं, तेच २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत आलं आहे. मालकाला मनाला येईल तसा दंड करता येत नाही. कोणत्या चुकीला दंड होईल याची यादी सरकारकडून मंजूर करून घ्यावी लागते आणि ती कामाच्या जागी लावावी लागते. दंड करण्याआधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. एका पगाराच्या मुदतीतले सगळे दंड मिळून वेतनाच्या ३ टक्क्यांवर जाऊ शकत नाहीत. म्हणजे १५,००० वेतन असेल तर महिन्याचे सगळे दंड धरून ४५० रुपये, त्यावर एक पैसाही नाही. दंड हप्त्यानं कापता येत नाही, त्याची नोंदवही ठेवावी लागते आणि जमा झालेला पैसा कर्मचाऱ्यांच्याच हिताच्या कामाला लावावा लागतो.

फुटलेला थर्मामीटर, हरवलेलं बीपीचं यंत्र यांचीही कपात सरसकट चालत नाही. ती वस्तू खास तुमच्या ताब्यात दिलेली असली पाहिजे, नुकसान थेट तुमच्या निष्काळजीपणानं झालेलं असलं पाहिजे आणि आधी तुमचा खुलासा घेतला पाहिजे. पळालेल्या पेशंटचं बिल यात कुठेच बसत नाही. म्हणून अकाउंट्सला शांतपणे, लेखीच, एवढंच विचारा : ‘दंडाची मंजूर यादी कुठे लावली आहे? माझी नोंद कोणत्या रजिस्टरात आहे?’ कापलेल्या पैशांचा दावा ३ वर्षांच्या आत करता येतो, त्यामुळे जुन्या स्लिप फेकू नका. ठरलेल्या तासांवरच्या कामाला किमान दुप्पट दर आहे, हेही ध्यानात असू द्या.

तिसरी पायरी : एकटीनं जाऊ नका. सुरतेचंच उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०२० मध्ये महापालिकेच्या प्रशिक्षणार्थी महिला कारकुनांना स्मीमेर रुग्णालयातल्या वैद्यकीय तपासणीत गटानं विवस्त्र उभं केलं, अविवाहित मुलींनाही गरोदरपणाचे प्रश्न विचारले, अशी तक्रार झाली. त्या नर्स नव्हत्या, पण ‘नोकरी कायम करायची तर हे सोसा’ हा रोख तुमच्या ओळखीचाच आहे. एकेकीनं सांगितलं असतं तर तिलाच गप्प बसवलं असतं. कर्मचारी संघटनेनं आयुक्तांकडे तक्रार नेली, तेव्हा तीन सदस्यांची चौकशी समिती नेमावी लागली. वॉर्डातल्या सहा-सात जणींच्या सह्यांचा एक अर्ज एकटीच्या दहा अर्जांपेक्षा भारी पडतो. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनचं सभासदत्व घेतलेलं असेल तर त्यांनाही कळवा. मात्र वॉर्ड सोडून अचानक बाहेर पडू नका. त्या घटकेला सलाइन संपत असलेला पेशंट तुमचा असतो, आणि व्यवस्थापनालाही नेमकं तेच निमित्त हवं असतं.

अर्जाला पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढचं दार ठोठावा. खासगी रुग्णालय असेल तर सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय. मजुरा गेटच्या न्यू सिव्हिलमध्ये असाल तर अधीक्षक आणि वर आरोग्य विभाग. स्मीमेर असेल तर महापालिका आयुक्त. या दोन ठिकाणी माहिती अधिकाराचा अर्जही चालतो : ‘या नियमाच्या आदेशाची प्रत द्या.’ छळ लैंगिक स्वरूपाचा असेल तर १० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे आणि तिच्याकडे ३ महिन्यांच्या आत लेखी तक्रार करावी लागते. रात्री तातडीची मदत लागली तर गुजरातची अभयम हेल्पलाइन १८१ आहे.

राहिला बाँड आणि मूळ प्रमाणपत्रं. २०११ मध्ये मुंबईत खासगी रुग्णालयातल्या नर्सेसनी संप केला तो याच दोन गोष्टींवरून. पंधरा वर्षं झाली तरी रुजू होताना मूळ मार्कशीट मागितली जाते, याचा मला राग येतो. मूळ कागद दाखवा, पण ताब्यात देऊ नका. साक्षांकित प्रत पुरते. आधीच दिले असतील तर परत मागणारा अर्ज आजच टाका. बाँड सही केला म्हणजे त्यातली सगळी रक्कम भरावीच लागते, असं समजू नका. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ नुसार वाजवी भरपाईच मागता येते. पण बाँड आपोआप रद्दही होत नाही, म्हणून राजीनाम्याआधी वकिलाला दाखवा. रुग्णालय ट्रस्टचं असेल तर नव्या कामगार कायद्यांत काही बाबतींत फरक पडतो, तेही तेव्हाच विचारून घ्या.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. अठवालाइन्सच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, फोनसाठी १५१०० हा क्रमांक आहे. जाताना नेमणूकपत्र, बाँडची प्रत, पगाराच्या स्लिपा, आवक क्रमांकाचे अर्ज आणि ती वही सोबत न्या. नोकरी सोडलीत तर शेवटचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवा. तो आणि अनुभवाचा दाखला हाती आल्याशिवाय ‘काही येणं बाकी नाही’ अशा कागदावर सही करू नका.