खचलेल्या मनाची व शरीराची पुन्हां उभारणी

(उपदेशक व मंडळ्यांतील अभ्यासवर्ग ह्यांच्यासाठीं पाठ)

शरीरास ताप आला म्हणजे शेजारी विचारपूस करावयास येतात. परंतु मन खचलें म्हणजे तेच शेजारी त्या मनुष्यास आळशी म्हणतात. पेरणीचे दिवस आले तरी जो अंथरुणावरून उठत नाहीं, पूर्वीं प्रिय असलेलें भजन ज्यास नकोसें वाटतें, रात्रीं ज्याचा डोळा लागत नाहीं, आणि ज्याची ही दशा दोन आठवडे किंवा अधिक टिकते, त्यास बहुधा खिन्नतेच्या आजारानें ग्रासलेलें असतें. वैद्यकशास्त्र ह्या आजारास नैराश्य असें म्हणतें. तो ओसरूं लागला कीं मनुष्य वाढलेलें वजन उतरविण्याचा व दिनचर्या सुधारण्याचा निश्चय करतो, आणि महिनाभरांत तो निश्चय मोडतो. तो टिकावा कसा, हा आजच्या पाठाचा विषय होय.

१. वजन कां वाढतें?

खिन्नतेंत कांहींची भूक मरते व ते वाळतात. कांहींची भूक वाढते व त्यांस गोड व तेलकट पदार्थांची ओढ लागते. चालणें-फिरणें थांबतें, झोंपेची वेळ मोडते. शिवाय ह्या आजारावरील कांहीं औषधांनीं वजन वाढतें. म्हणून वाढलेलें वजन ही खादाडपणाची खूण समजून कोणास हिणवूं नये. औषधानें वजन वाढत आहे असें वाटल्यास डॉक्टरांस सांगावें; ते दुसरें औषध देऊं शकतात. परंतु आपल्या मनानें औषध बंद करूं नये, कारण तसें केल्यानें आजार उलटण्याचें भय असतें. कंठग्रंथीचा विकारही मन्द हालचाल, उदासी व वजनवाढ हीं तिन्ही घडवितो. ह्यास्तव एकदां रक्त तपासून घेणें हिताचें आहे.

२. एलीयाचा दाखला

पहिला राजे, अध्याय १९ ह्यांत एलीया रानांत एका झुडपाखालीं बसून मरण मागतो. हा मनुष्य विश्वासानें दुर्बळ होता असें कोण म्हणेल? त्यास तेथें प्रथम बोध मिळाला नाहीं, दोषही लावण्यांत आला नाहीं. त्यास झोंप मिळाली, भाकर व पाणी मिळालें, पुन्हां झोंप व पुन्हां अन्न मिळालें. मग तो चालूं लागला, आणि संभाषण त्यानंतर झालें. खिन्न मनुष्यास “तुझा विश्वास कमी पडला” असें म्हणणाऱ्यांनीं हा क्रम लक्षांत ठेवावा.

३. उत्साह आधीं कीं कृति आधीं?

बहुतेकांची समजूत अशी कीं, आधीं मनास उत्साह वाटावा व मग काम करावें. खिन्नतेंत हा नियम चालत नाहीं, कारण उत्साह हरपणें हेंच त्या आजाराचें लक्षण आहे. जो उत्साहाची वाट पाहतो तो बसूनच राहतो, आणि बसून राहिल्यानें मन अधिक खचतें. म्हणून येथें क्रम उलटा करावा लागतो: लहानशी कृति आधीं, उत्साह मागून.

ह्याची प्रचीति गोव्यांत आलेली आहे. तेथें १९९६ सालीं स्थापन झालेल्या ‘संगत’ ह्या संस्थेनें दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र खिन्नतेच्या ४९५ रोग्यांवर एक प्रयोग केला. अर्ध्यांस केंद्रांतील नेहमींची व्यवस्था कांहींशी सुधारून मिळाली; बाकीच्यांस तिच्याबरोबर सहा ते आठ भेटींचा उपचारही मिळाला. भेट घेणारे डॉक्टर नव्हते, तर थोडें शिक्षण दिलेले सामान्य लोक होते. रोग्यानें पूर्वीं कोणतीं कामें आवडीनें केलीं हें ते विचारीत, त्यांतील एखादें लहान काम ठरवीत, आणि पुढील भेटींत तें झालें कीं नाहीं व अडचण कोणती आली हें पाहत. तीन महिन्यांनीं पहिल्या गटांत शेंकडा ३९ रोगी आजारांतून बाहेर आलेले आढळले, तर ह्या दुसऱ्या गटांत शेंकडा ६४. हा वृत्तांत ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकांत २०१७ सालीं छापला गेला. ज्या उपदेशकास वाटतें कीं, “मी डॉक्टर नाहीं, मी काय करणार?” त्यानें ह्यावरून धीर धरावा. नेमानें भेटणें, ऐकून घेणें व लहान काम ठरवून देणें हें शिकून करतां येतें.

४. आपल्या घरीं काय करावें?

(अ) चालणें. प्रौढ मनुष्यानें आठवड्यांत निदान १५० मिनिटें झपझप चालावें असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. परंतु खचलेल्या मनुष्यास हा आंकडा पहिल्या दिवशीं सांगूं नये. पहिला आठवडा दारापासून विहिरीपर्यंत, दुसरा शिवेपर्यंत, असें वाढवावें. जळगांव व धुळें ह्या जिल्ह्यांत वैशाखाचें ऊन जीवघेणें असतें. म्हणून उन्हाळ्यांत सूर्योदयापूर्वीं निघावें. बरोबर कोणी असेल तर उत्तम, कारण सोबती दारांत उभा राहिला म्हणजे आळोखेपिळोखे देण्यास सवड राहत नाहीं.

(आ) जेवण. त्यासाठीं शहरांतून महागडे पदार्थ आणावयास नकोत. दादरची किंवा कळण्याची भाकरी, वरण, पालेभाजी, वांग्याचें भरीत हें आपलें अन्न चांगलेंच आहे. भरितांतील तेल मात्र मोजून घालावें. शेवभाजीची तर्री, तुपांत बुडविलेली बट्टी व आमरसाबरोबरचे मांडे हे सणाचे पदार्थ सणालाच राहूं द्यावे. चहांतील साखर एकेक चमचा कमी करीत जावी. उपाशी राहून वजन उतरवूं नये. त्यानें चिडचीड वाढते व खाण्याची हांव दुप्पट होऊन परतते. ज्याची भूक आजारानेंच मेली आहे त्यानें तर अन्न कमी करण्याचा विचारही करूं नये.

(इ) माप. रोज वजन करणारा रोज निराश होतो. आठवडी बाजाराच्या दिवशीं एकदां पाहावें. वजनकाटा नसेल तर बेंबीच्या पातळीवर कमरेस सुतळी गुंडाळून गांठ मारावी, व महिन्यानें तीच सुतळी पुन्हां लावावी. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या व स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या आंत असणें आपल्या लोकांस हितकर मानतात. परंतु ८० किलो वजनाच्या मनुष्यानें ४ किलो उतरविले तरी रक्तदाब व रक्तांतील साखर ह्यांस लाभ होतो. आठवड्यास अर्धा किलो ही चाल पुरे आहे.

(ई) हातांस काम. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) ह्यांनीं मनाच्या चंचलपणावर केलेली कविता खानदेशांत सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्या ओव्या जात्यावर व शेतकामांत जुळल्या. मन एकदम ताब्यांत येत नाहीं. हात मात्र कामास लावतां येतात. अंगण झाडणें, वेलीस पाणी घालणें, मुलास वाचावयास शिकविणें, ह्यांतील एक काम रोज ठरलेल्या वेळीं करावें.

५. खंड पडला तर?

खंड पडणारच. लग्नसराई येईल, कापूस वेंचणीची घाई होईल, घरांत कोणी आजारी पडेल, किंवा एखाद्या सकाळीं मन पुन्हां जड होईल. अशा वेळीं “सगळें फुकट गेलें” हा विचार फार नुकसान करतो. एका दिवसाची चूक पंधरा दिवसांची होते ती ह्या विचारामुळें. बैलजोडी तासांतून बाहेर गेली म्हणून शेतकरी नांगरट सोडून घरीं जात नाहीं. तो तेथूनच तिला वळवितो. दोन दिवस चालणें चुकलें तर तिसऱ्या दिवशीं चुकलेलें भरून काढूं नये; नेहमींच्या निम्मेंच चालावें, पण चालावें. तसेंच, जीं लक्षणें पहिल्या खेपेस आलीं होतीं तीं कागदावर लिहून घरांतील एका विश्वासू माणसास द्यावीं. मन पुन्हां खचूं लागलें तर तें इतरांस आधीं दिसतें.

६. अधिक मदत केव्हां?

दोन आठवडे उदासी हटत नसेल, अन्न व झोंप तुटली असेल, किंवा मरणाची भाषा तोंडीं येत असेल, तर केवळ चालण्यावर विसंबूं नये. जळगांव व धुळें येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकारतज्ज्ञांस दाखवावें. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारनें ‘टेली मानस’ ही दूरध्वनीची विनामूल्य सेवा चालविली आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस बोलतां येतें. मरणाचें बोलणाऱ्यास एकटें सोडूं नये, आणि घरांतील कीटकनाशक औषधें कुलपांत ठेवावीं.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. एलीयास प्रथम काय देण्यांत आलें, व आपण खिन्न मनुष्यास प्रथम काय देतों?
२. उत्साहाची वाट पाहिल्यानें हानि कां होते?
३. गोव्यांतील भेट घेणारे लोक काय करीत? त्यांतील काय तुम्हांस ह्या आठवड्यांत करतां येईल?
४. तुमच्या मंडळींत पूर्वीं येत असे व आतां येत नाहीं असा कोण आहे? त्याच्या घरीं ह्या शनिवारच्या आंत जाऊन या, आणि परत येतांना पुढील भेटीचा दिवस ठरवून या.