पाड्याचा भूगोल व इतिहास : लोनाड-चौधरपाडा परिसरावरून एक पाठ

‘आमच्या गावी पाहण्याजोगे काय आहे?’ असे विद्यार्थी विचारतात. क्वचित् शिक्षकही विचारतात. ज्यास आपला पाडा क्षुद्र वाटतो त्यास देशाचा भूगोल केवळ पाठांतर वाटतो. म्हणून इयत्ता चौथीच्या परिसर-अभ्यासाकरिता पुढील पाठ सुचविला आहे.

भूगोल. कल्याणच्या उत्तरेस, भिवंडी तालुक्यात लोनाड हे गाव आहे. चौधरपाडा त्याच्या शेजारी. येथील डोंगर काळ्या अग्निजन्य खडकाचे. पायथ्याशी भातखाचरे. दक्षिणेस उल्हास नदी कल्याणवरून खाडीस मिळते. प्रथम मुलांकडून शाळा केंद्रस्थानी धरून दिशा, डोंगर, ओढा व वाटा दाखविणारा कच्चा नकाशा काढून घ्यावा.

इतिहास. लोनाडच्या डोंगरात बौद्ध लेणे कोरलेले असून त्यात राजसभेचे शिल्प आहे. आज तेथे खांडेश्वरी देवीचे स्थान आहे. ‘भिक्षूंनी हीच जागा का निवडली असावी?’ असा प्रश्न विचारावा. कातळ कोरण्याजोगा, वस्ती भिक्षेच्या अंतरावर आणि कल्याण हे प्राचीन व्यापारी बंदर जवळ, ही कारणे मुले नकाशावरून स्वतः शोधू शकतील. भूगोल इतिहासास कसा घडवितो, हे येथे सहज उमगते.

पुढे उत्तर कोकणात शिलाहारांचे राज्य झाले. लोनाड येथे अपरादित्याचा शके ११०६ चा, तर चौधरपाडा येथे केशिदेवाचा शके ११६१ चा शिलालेख सापडला. दुसऱ्या लेखात महादेवाच्या पूजेकरिता ब्रह्मपुरी नावाची वस्ती दान दिल्याची नोंद आहे. एवढ्याशा वस्तीचे नाव राजाने दगडावर कोरविले, हे मुलांस आवर्जून सांगावे. राज्य गेले, परंतु दगडामुळे त्या वस्तीचे नाव उरले.

गणिताशी सांगड. शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो : ११०६ + ७८ = ११८४. वर्षअखेरच्या महिन्यांत, १ जानेवारीनंतर, ७९ मिळवावे. म्हणून शके ११६१ म्हणजे इ. स. १२३९-४०.

शिक्षकांस विनंती. आज भिवंडी परिसरात शेतांच्या जागी गोदामे व रुंद रस्ते होत आहेत. बांधावरचा कोरीव दगड भरावात गेला, तर त्यासोबत गावाचा पुरावाही जातो. सूर्य-चंद्र कोरलेला दगड दिसल्यास त्याचा अर्थ मुलांस सांगावा : सूर्य-चंद्र असेतोवर हे दान टिकावे. अशा दगडास तेल, शेंदूर वा चुना लावू नये. अक्षरे खडूने भरू नयेत. दगड जागेवरून हलवू नये. त्याचे स्थान नकाशात नोंदवून ग्रामपंचायतीस व पुरातत्त्व विभागास कळवावे. सहल पावसाळ्यानंतरच काढावी.

स्वाध्याय. (१) आपल्या पाड्याच्या चतुःसीमा लिहा. (२) घरातील वृद्धांस विचारून शेतांची, ओढ्यांची व टेकड्यांची पाच जुनी नावे मिळवा. (३) शके ११०६ पासून आजपर्यंत किती वर्षे झाली, ते काढा.

दुसऱ्या स्वाध्यायाची वही शाळेच्या दप्तरी जपून ठेवावी. राजाने एका वस्तीचे नाव दगडावर राखले. आपल्या पाड्यातील नावे निदान कागदावर तरी आपण राखावीत.