कंसाच्या पोटात कंस

'कंचेभागुबेव' हा नियम तुम्हांला पाठ असेलच. त्यात पहिला मान कंसाचा! एकात एक कंस असतील तर सर्वांत आतला आधी सोडवावयाचा, हेही गुरुजींनी सांगितलेले असते. पण आतलाच का, याचा विचार तुम्ही केला आहे काय?

तबल्यातील तिहाई तुम्ही ऐकली असेल, मग तुमचे गाव दवनीवाडा असो वा दादर. एक तुकडा तीनदा वाजवून समेवर यावयाचे, ही तिहाई. तिहाईसकट सबंध बोल पुन्हा तीनदा वाजविला, की त्याला चक्रदार म्हणतात. एक लहानसा चक्रदार आपण असा लिहू :

३(तिरकिट ३(धा))

कंसामागचा अंक म्हणजे आतला मजकूर किती वेळा घ्यावयाचा ते. आता संगणकाला हा विस्तार शिकवू. त्याला सांगावयाचे : "जवळचा अंक, उघडता कंस, मध्ये एकही कंस नसलेली अक्षरे आणि बंद होणारा कंस, असा नमुना शोध. त्या जागी विस्तार लिही. पुन्हा पहिल्यापासून शोध." पहिल्या फेरीत ३(तिरकिट धाधाधा) मिळेल, दुसऱ्या फेरीत कंसच उरणार नाहीत. दर फेरीला कंसांची एक जोडी कमी होते, म्हणून हे काम संपणार हे निश्चित.

बाहेरून सुरुवात केली तर? ३(३(३(धा))) घ्या. बाहेरचा कंस आधी सोडविला तर आतल्या कंसांच्या नकला होतात. मग १ + ३ + ९ = १३ वेळा विस्तार करावा लागतो. आतून बाहेर गेल्यास ३ वेळाच पुरतो. 'धा' मात्र दोन्ही रीतींनी २७ च येतात.

अक्षरांचे नमुने सांगण्याच्या लिपीला संगणकशास्त्रात 'रेग्युलर एक्स्प्रेशन' म्हणतात. तिचा पाया अमेरिकन गणिती स्टीफन क्लेनी यांनी घातला. अशी साधी लिपी आणि मोजक्याच स्थिती असलेले यंत्र यांची ताकद सारखीच असते. हे यंत्र वाटेल तितके खोल कंस एका वाचनात जुळवू शकेल काय? नाही! पुरावा सोपा आहे.

समजा, यंत्राला ५ स्थिती आहेत. त्याला ०, १, २, ३, ४ किंवा ५ उघडते कंस वाचावयास दिले. प्रकार सहा, स्थिती पाच. तेव्हा कोणते तरी दोन प्रकार यंत्राला एकाच स्थितीत आणून सोडणार. समजा ते २ आणि ४ आहेत. आता दोन बंद कंस द्या. पहिल्या प्रकारात जुळणी बरोबर, दुसऱ्यात चूक. पण यंत्र एकाच स्थितीत असल्याने दोन्हींना एकच उत्तर देईल! स्थिती ५ लाख केल्या तरी युक्तिवाद तोच. आपली वरची रीत मात्र चालते, कारण तेथे मजकूर पुसून नव्याने लिहिण्याची मुभा आहे. तो कागदच यंत्राची स्मृती बनतो.

दुसरा उपाय म्हणजे नियमातच नियमाचे नाव घेणे : "जोडी म्हणजे उघडता कंस, आत अक्षरे किंवा आणखी जोड्या, आणि शेवटी बंद कंस." यालाच पुनरावर्ती नियम म्हणतात. पर्ल या संगणकभाषेच्या २००७ सालच्या ५.१० आवृत्तीत नमुन्यातून त्याच नमुन्याला हाक मारण्याची अशी सोय आली. येथे संगणक अर्धवट राहिलेली कामे ताटांच्या चळतीसारखी रचतो. शेवटी ठेवलेले ताट प्रथम उचलतो.

मात्र सावध! '१०(' नऊ वेळा लिहा, मग एक 'क' आणि नऊ बंद कंस. लिखाण अवघे ३७ चिन्हांचे. विस्तार १०० कोटी अक्षरांचा! एक्सएमएल या लिखाणपद्धतीत असेच एकात एक संक्षेप दडवून संगणकाची स्मृती भरून टाकण्याची खोडी 'बिलियन लाफ्स' नावाने कुप्रसिद्ध आहे. म्हणून जाणता कार्यक्रमकार विस्तार करण्यापूर्वी त्याची लांबी मोजतो. आणि ती मोजण्यास विस्तार करावा लागत नाही. गुणाकार व बेरीज पुरते.

करून पाहा : २(क३(खग)घ) याच्या विस्तारात किती अक्षरे येतील? आधी गणिताने काढा, मग लिहून ताळा करा.

(उत्तर : १६)