डी3 वरील घोडा

सिसिलियन बचावात काळी बाजू आरंभीच समतोल मोडते. पांढऱ्याने ई4 वर आणलेल्या प्याद्यास तसेच प्यादे समोर न ठेवता ती सी5 वर प्यादे सरकवते व बाजूने मध्याला हात घालते. त्यामुळे बरोबरी साधण्यापेक्षा झुंजच अधिक होते.

1985 साली मॉस्को येथे झालेल्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात 15 डावांनंतर अनातोली कार्पोव आणि गॅरी कास्पारोव यांचे गुण समान, साडेसात-साडेसात, होते. सोळाव्या डावात पांढरी बाजू कार्पोवकडे होती. सी4 व ई4 वरील प्याद्यांनी डी5 हे घर आवळून धरावे आणि प्रतिपक्षाला सावकाश गुदमरवावे, हा त्याच्या स्वभावास मानवणारा मार्ग त्याने पत्करला. आठव्या खेळीस कास्पारोवने नेमक्या त्याच घरात प्यादे ढकलले. प्याद्यांची मारामारी होऊन त्याचे एक प्यादे कमी झाले. मोबदला एवढाच, की पांढऱ्याचा एक घोडा ए3 या कडेच्या घरात पडला होता आणि काळ्याची मोहरी झपाट्याने बाहेर येत होती.

सोळाव्या खेळीस काळा घोडा डी3 वर जाऊन बसला. वाचकाने येथे पट मांडून पाहावा. एफ5 वरील उंटाच्या आधाराने बसलेला हा घोडा बी2, सी1, ई1 आणि एफ4 ही घरे रोखतो; पांढऱ्या हत्तींना पटाच्या मध्यावरील उभ्या पट्ट्यांत शिरकाव उरत नाही. पाठोपाठ काळे प्यादे बी4 वर आले आणि बी1 व ए4 येथील पांढऱ्या घोड्यांना सुरक्षित असे एकही घर राहिले नाही. प्याद्याने पुढे असूनही कार्पोवला उपयुक्त खेळी सापडेना. कास्पारोवने मग आपल्याच राजापुढील जी प्यादे निर्धास्तपणे पुढे रेटले. एरवी हे धाडस अविचाराचे ठरले असते. पण जखडलेला शत्रू त्याचा फायदा घेणार कसा?

चौतिसाव्या खेळीस कार्पोवने अखेर तो घोडा मारला, पण दोन घोड्यांच्या मोबदल्यात त्याला वजीर गमवावा लागला. चाळिसाव्या खेळीस त्याने डाव सोडला. 9 नोव्हेंबर रोजी कास्पारोवने 13-11 अशा गुणांनी जगज्जेतेपद मिळविले.

काळ्याचे ते प्यादेदान मात्र निर्दोष नव्हते. बाराव्या खेळीस किल्लेकोट न करता उंट ई3 वर आणला, तर काळ्याला पुरेसा मोबदला मिळत नाही. 1986 साली ब्रुसेल्स येथे व्हान डर वील याच्याविरुद्ध ही खेळी करून पांढऱ्या बाजूने जिंकणारा खेळाडू होता खुद्द कार्पोव.