डब्याची एकतारी

वारकरी भजनाची मूळ सामग्री तीनच : टाळ, मृदंग आणि वीणा. पेटी मागाहून आली आणि आता तिच्यावाचून पुष्कळांचे पान हलत नाही, ही गोष्ट वेगळी. टाळ गावोगाव मिळतात, मृदंग एखाद्या घरी असतोच. अडते ते वीण्यापाशी. गावात वीणा एकच, तोही देवळातला. सप्ताह आला की पहाऱ्याच्या माणसांच्या गळ्यात तो आठही दिवस अखंड राहतो. एरवी खोळ घालून देवाजवळ. मग ज्या पोराला सुरात गाणे शिकायचे आहे त्याने तार छेडायची कुठे? आणि ज्या म्हातारीला पहाटे काकड्याचे चार अभंग घरीच म्हणायचे आहेत तिने सूर धरायचा कशावर?

नांदेड-लातूरकडच्या वाचकांनी हा प्रश्न आम्हांस निरनिराळ्या तऱ्हेने विचारला आहे. त्याचे उत्तर म्हणून या पाठात घरच्या घरी, पत्र्याच्या डब्याची एकतारी कशी करावी ते सांगतो. यात नवे असे काही नाही. माळेगावच्या यात्रेत खंडोबाच्या वाघ्यांच्या हातची तुणतुणी पाहा. माहूरच्या वाटेवरचे गोंधळी पाहा. लाकडाच्या पोकळ नळकांड्याला तळाशी कातडे मढवलेले तुणतुणे हा जुना नमुना. पण जिथे लाकूड जमले नाही तिथे आपल्या लोकांनी खुशाल डबा घेतला आणि काम चालवले. दूरदेशीही हेच घडले आहे. दक्षिण आफ्रिकेत गोरगरिबांनी तेलाच्या डब्यांची गिटारे केली, अमेरिकेत चिरुटाच्या लाकडी पेट्यांना तारा लावून माणसे गायिली. गाणाऱ्याचे वाद्यावाचून अडले की तो हाताशी असेल त्याचेच वाद्य करतो.

खरा वीणा मात्र खराच. तो बहुधा मिरजेचा. मिरजेच्या कारागिरांच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यांचे भोपळे येतात ते पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भीमाकाठचे. म्हणजे पांडुरंगाच्या पायांशी पिकलेला भोपळा मिरजेस जातो आणि वीणा होऊन पुन्हा पांडुरंगाच्या दारी उभा राहतो! (लातूरकरांना मिरज आणखी एका कारणाने आठवते. एप्रिल २०१६ मध्ये त्यांच्या घशाला कोरड पडली तेव्हा पाण्याची आगगाडी आली ती मिरजेहूनच.) पण तसा वीणा घ्यायचा तर हजारोंची गोष्ट, आणि सोयाबीन हाती लागेल की नाही याची ज्याला खात्री नाही त्याने पोराच्या शिकण्यापायी तो कसा घ्यावा?

आता सामानाकडे वळू. डबा गोल घ्यावा, किलो-दीड किलोचा, पाच इंच व्यासाचा. दुधाच्या भुकटीचा किंवा तुपाचा चालेल. लातूरच्या पेठेत पंधरा किलोचे चौकोनी तेलाचे डबे ढिगाने मिळतात, पण त्यांचा रुंद पत्रा धडधडतो, सूर धरीत नाही. आणि एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा : शेतातल्या औषधाचा, म्हणजे फवारणीचा डबा कधीही घेऊ नये, मग तो किती का धुतलेला असेना. गोठ्यात असा डबा हटकून पडलेला असतो, आणि पोरे नेमकी त्यालाच हात घालतात. वाद्य पोटाशी धरायचे असते, तेच हात मग भाकरीला लागतात. घरातल्या वडील माणसांनी असले डबे पोरांच्या दृष्टीसही पडू देऊ नयेत. तुपातेलाचा डबा असेल तो राखेने आणि कढत पाण्याने घासून उन्हात वाळवावा. तोंडाची कड कानशीने गुळगुळीत करावी. पत्र्याने कापलेले लवकर भरून येत नाही, म्हणून हे काम आधी.

दांडीला वेळू हवा, पावणेतीन फूट लांब, इंचभर जाड, होईल तितका भरीव. बुरुडाकडे तसा तुकडा मिळतो. ओला घेऊ नका. तारेच्या ओढीने तो वाकतो आणि सूर रोज उतरतो. डबा पालथा धरला की त्याचा तळ वर येतो. हाच आपल्या वाद्याचा दर्शनी पडदा. तळापासून अर्धा इंच सोडून डब्याच्या अंगाला समोरासमोर दोन भोके पाडावीत आणि त्यांतून दांडी आरपार घालावी. पलीकडे ती दोन इंच बाहेर यावी. भोक दांडीला घट्ट बसले पाहिजे, सैल राहिले तर पत्रा खरखरतो. सैल झालेच तर चिंधीची घडी ठासावी.

वरच्या टोकापासून तीन-साडेतीन इंचांवर खुंटीचे भोक पाडायचे. येथे वेळू फुटतो! म्हणून भोक कांड्याच्या गाठीजवळ घ्यावे, छिन्नीने न कोरता तापलेल्या सळईने जाळून करावे, आणि वरखाली दोऱ्याचे दहा-दहा वेढे आवळून बांधावेत. खुंटी सागाची वा बाभळीची, निमुळती. एका अंगाचे भोक मोठे, दुसरे लहान, म्हणजे ती रुतून बसते. घसरू लागली तर खडू फासावा, तेल लावू नये. खुंटीच्या जरा खाली, दांडीवर अर्धा इंच उंचीची लाकडाची चिप आडवी बसवावी. तिच्यावरून तार खुंटीत शिरते.

तार पोलादी, सतारीच्या बाजाच्या तारेसारखी, ०.३० मिलिमीटर जाडीची. पेटी-तबल्याच्या दुकानात मिळते. दांडीच्या खालच्या टोकाला खिळा मारून त्यात तारेचा फास अडकवावा. तेथून तार डब्याच्या तळावर येते, मधोमध उभ्या केलेल्या घोडीवरून जाते आणि वर खुंटीला पोचते. डब्याच्या खालच्या काठाला ती टेकते तिथे दोऱ्याचे दोन वेढे द्या, नाहीतर पत्रा किरकिरतो.

आता घोडीविषयी थोडे सविस्तर, कारण वाद्याचा जीव तिच्यात आहे. घोडी अर्ध्या-पाऊण इंच उंचीची, शिसवी किंवा दुसऱ्या कुठल्याही कठीण लाकडाची करावी. ती चिकटवायची नाही. तारेच्या दाबानेच उभी राहते. तिची पाठ धारेसारखी केली तर आवाज कोरडा येतो, टण्ण करून थांबतो. पाठ बोटभर रुंद ठेवून किंचित उतरती घासावी, आणि तार व लाकूड यांच्यामध्ये सुताचा एक बारीक धागा सरकवावा. धागा पुढेमागे करीत गेले की एका जागी तार एकदम बोलू लागते, सूर पसरतो, टिकतो. तंबोरेवाले याला जवारी म्हणतात. हे शब्दांनी सांगून कळत नाही, कानानेच धरावे लागते. अर्धा तास लागेल, पण तेवढ्या अर्ध्या तासात पोराचा कान जेवढा तयार होतो तेवढा महिनाभर पेटी बडवून होत नाही असे आमचे मत आहे.

डब्याचा आवाज पत्र्यासारखा येतो ही तक्रार सगळेच करतात. उपाय सोपा : डब्याच्या आतल्या बाजूंना, तळ सोडून, तरटाचा तुकडा पिठाच्या खळीने चिकटवावा. पत्र्याचा कर्कशपणा पुष्कळ मरतो. तोंड मात्र उघडे ठेवा. पोटाशी घट्ट दाबून धरले तर आवाज कोंडतो, हे वाजवताना लक्षात असू द्यावे.

स्वर कोणता लावायचा? घोडीपासून वरच्या चिपेपर्यंत दोन फूट तार असली तर ती पुरुषांच्या काळी एकच्या षड्जाला सहज लागते. त्या वेळी तारेवर दीड-पावणेदोन किलोचाच ओढा असतो आणि डबा तो हसत सोसतो. पण आपल्याकडची टीप उंच. उत्साहाच्या भरात खुंटी पिळत जाल तर पत्रा दबेल, कारण त्याच तारेला वरच्या षड्जावर न्यायचे तर ताण दुप्पट नव्हे, चौपट लागतो. उंच गाणाऱ्याने ताण वाढवू नये, दांडीच आखूड करावी. दोन फुटांची तार सोळा इंच केली की त्याच ताणावर पंचम, म्हणजे काळी चार मिळते. काळी पाचवर गाणाऱ्या बायामाणसांना चौदा इंच पुरे.

तुणतुण्याचाच घाट का घेतला नाही, असे कोणी विचारील. तुणतुण्यात तार तळाच्या मधोमध भोकातून येते आणि सगळा ओढा तळावरच पडतो. घट दाबला की सूर हलतो. गोंधळात, पोवाड्यात ती लवचीक मौज आहे; भजनाला सूर हलून चालत नाही. आपल्याला एकच षड्ज हवा, अढळ.

आता वादाचा भाग. काही जुनी मंडळी म्हणतात, डबड्याला वीणा म्हणून का देवाचा उपमर्द करता? आम्ही त्याला वीणा म्हणत नाही. दिंडीतला वीणा हा दिंडीचा मानबिंदू. तो जमिनीवर टेकवायचा नसतो, विणेकरी बदलताना एकमेकांच्या पाया पडून तो हाती घेतात. त्याची जागा डब्याने घ्यावी असे आम्हांस स्वप्नातही वाटत नाही, आणि सप्ताहाच्या पहाऱ्याला ही एकतारी कोणी उभी करू नये. दुसरे काहीजण याच्या उलट टोकाला जातात. म्हणतात, यात कातडे नाही म्हणून हीच अधिक पवित्र. हा युक्तिवाद आम्ही वापरीत नाही. मृदंगाला कातडेच आहे आणि तो प्रत्येक दिंडीत विठोबापुढे वाजतो.

आमचा आग्रह निराळ्या कारणासाठी आहे. अजूनही काही ठिकाणी देवळातला वीणा बायकांच्या हाती देत नाहीत. जनाबाईंचे गंगाखेड नांदेड-लातूरच्या मध्ये आहे आणि तिच्याच मुलखात हे चालते! त्याचा निवाडा गावाने करावा, लवकर करावा. तोवर घरच्या एकतारीला कोणाची परवानगी लागत नाही. सून दळणकांडणातून उठून, लेक शाळेतून येऊन ती हाती घेऊ शकते. उमरी तालुक्यातल्या गोरट्याला दासगणू महाराजांची आठवण जागती आहे, औश्याच्या नाथसंस्थानात चक्रीभजनाची परंपरा आहे. अशा मुलखातल्या पोरींना षड्ज लावता येऊ नये हे बरे दिसत नाही.

जपणुकीचे दोन शब्द. भजन झाले की तार कोरड्या फडक्याने पुसावी आणि खुंटी अर्धा फेरा सैल सोडावी, म्हणजे तळ बसत नाही. एकतारी भिंतीच्या खुंटीला टांगावी; चुलीजवळ नको, धुराने तार चिकट होते, आणि न्हाणीजवळ तर नकोच. आषाढीच्या वाटेवर पोराने हट्टाने बरोबर घेतलीच तर डब्याचे तोंड आणि तळ दोन्ही मेणकापडात गुंडाळा. पावसाने पत्रा काठाकडून गंजू लागतो. तार तर पंधरा दिवसांत काळी पडते, म्हणून निघताना एक जास्तीची तार वळून वारीच्या पडशीत टाकावी.