हृदयाचा ताल आणि इस्पितळांची पाहणी

गाडीला जुंपलेल्या दोन बैलांपैकी एकाने आधी आणि दुसऱ्याने मागाहून ओढ घेतली, तर दोघेही दमतात आणि गाडी मात्र रखडते. काही हृदयरोग्यांच्या बाबतीत असेच घडते. विद्युत्‌संदेश डाव्या जवनिकेच्या बाहेरच्या भिंतीपर्यंत उशिरा पोहोचतो. तिची एक बाजू आधी व दुसरी नंतर आकुंचन पावते. आधीच दुबळे झालेले हृदय मग पुरेसे रक्त बाहेर ढकलू शकत नाही. हृदयाच्या विद्युत् आलेखात जवनिकांची खूण एरवी ०.१२ सेकंदांच्या आत संपते. अशा रोग्यांत ती त्याहून रुंद दिसते.

यावर एक उपाय आहे. छातीच्या वरच्या भागात, त्वचेखाली एक लहान यंत्र बसवतात. त्याच्या तारा शिरांतून हृदयापर्यंत नेतात. यंत्र दोन्ही जवनिकांना जवळजवळ एकाच वेळी संदेश देते आणि बिघडलेला ताल पुन्हा जुळतो.

हा उपाय खरोखर गुणकारी आहे का? २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘केअर-एचएफ’ या युरोपीय प्रयोगात ८१३ रुग्ण होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला केवळ औषधे दिली, दुसऱ्याला औषधांबरोबर यंत्रही बसवले. सरासरी २९ महिन्यांत पहिल्या गटातील सुमारे ३० टक्के, तर दुसऱ्यातील २० टक्के रुग्ण दगावले. यंत्राचा फायदा स्पष्ट झाला.

परंतु प्रयोगासाठी रुग्ण निवडून घेतलेले असतात. कर्णिकांची अनियमित थरथर असलेल्यांना या प्रयोगात घेतले नव्हते. इस्पितळाच्या दारात मात्र सर्व प्रकारचे रुग्ण येतात. मग प्रत्यक्षात हे यंत्र कोणाला बसवले जाते?

हे पाहण्यासाठी नोव्हेंबर २००८ ते जून २००९ या काळात युरोपातील १३ देशांतल्या १४१ केंद्रांची पाहणी झाली. नोंदवलेल्या २,४३८ रुग्णांपैकी सुमारे ३१ टक्के पंचाहत्तरी गाठलेले होते. सुमारे २३ टक्क्यांच्या कर्णिकांत थरथर होती. ९ टक्क्यांच्या आलेखातील खूण तर ०.१२ सेकंदांहून अरुंद होती! २०१५-१६ मधील दुसऱ्या पाहणीत ४२ देशांतील २८८ केंद्रांनी ११,०८८ रुग्णांची नोंद केली.

येथे एक भेद नीट ध्यानात घ्या. पाहणीत तुलनेसाठी यंत्राविना ठेवलेला गट नसतो. म्हणून एखाद्या वृद्धाला बरे वाटले, तरी ते यंत्रामुळेच, असे पाहणीवरून म्हणता येत नाही. ते ठरवायला प्रयोगच हवा. पण कोणत्या रुग्णांना पुरेशा पुराव्याविना यंत्र बसवले जात आहे, हे पाहणीच दाखवते. यंत्र बसवणे ही शस्त्रक्रिया आहे. तीत जंतुसंसर्गाचा व तार सरकण्याचा धोका असतो. फायदा होणार नसेल, तर रुग्णाच्या वाट्याला केवळ धोकाच उरतो. म्हणूनच ही मोजदाद महत्त्वाची.

करून पाहा : पहिल्या पाहणीतील किती रुग्णांसारखे रुग्ण ‘केअर-एचएफ’मध्ये कर्णिकांच्या थरथरीमुळे घेतलेच गेले नसते? टक्केवारीवरून संख्या काढा.