ट्रिपची वाट बघताना

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १७



दिवाळीनंतर आम्ही घरचे सहाजण मुंबईहून गोव्याला क्रूझने जाणार आहोत. महिनाभर मी केबिनचे दर, जेवणाच्या वेळा, डेकवरचे फोटो हेच बघतेय. काल आजी म्हणाली, "आमच्या वेळी भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटायची. मालवणला ती लांबच थांबायची, मग आम्ही पडावातून किनाऱ्यावर..." मी मोबाईलमधून डोकं वर न काढताच म्हटलं, "आजी, नंतर सांग ना, बुकिंग चाललंय." ती गप्प झाली.

जिच्यासाठी ही ट्रिप ठरवली, तिचंच ऐकायला मला वेळ नव्हता!

या श्लोकात भगवंत सांगतात, की आहार, विहार, काम, झोप आणि जागरण सगळं 'युक्त', म्हणजे बेताचं असेल, तर योग दुःख दूर करतो. बघा, विहार सोडून द्या असं ते म्हणत नाहीत. फिरणं, मजा करणं योगाच्या आड येत नाही. आड येतो तो अतिरेक. आणि अतिरेक फक्त खर्चाचाच नसतो, वाट बघण्याचाही असतो. उद्याच्या आनंदात मन इतकं गुंततं, की समोर बसलेलं माणूस दिसेनासं होतं.

आज संध्याकाळी मोबाईल बाजूला ठेवून आजीची अर्धी राहिलेली गोष्ट पूर्ण ऐकणार आहे.

आजची साधना : पुढच्या ट्रिपला तुमच्यासोबत जे येणार आहेत, त्यांच्यातल्या एकाला आजच दहा मिनिटं द्या.

हरि ॐ!